वानखडे सरांचा खानदानी कॅमेरा

पूर्वी माझ्या कपाटात निगेटिव्ह साठायच्या. आता किस्से साठतात! निगेटिव्ह मागायला लोक घरापर्यंत यायचे, किस्से मात्र मलाच कोणाला तरी धरून ऐकवावे लागतात. मोबाईलवाल्या जमान्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाकडे दुसरं असणार तरी काय? तेव्हा बसा.

दिग्रसला बस स्टँडच्या अलीकडे माझा स्टुडिओ आहे. दुपारी तिथे आमची तिघांची बैठक असते. एक मी. दुसरे शेजारचे रफीकभाई. कॅमेरा, शिलाई मशीन, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करतात आणि जे बिघडलेलं नाही तेही एकदा उघडून पाहतात. तिसरे वानखडे सर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर.

रिटायर झाल्यावर लोक करतात तसं सरांनी काहीच केलं नाही. ना मॉर्निंग वॉक, ना गुडघेदुखी. एक दिवस स्टुडिओत आले आणि म्हणाले, "मले एक फिल्मचा कॅमेरा पाह्यजे. कलेक्टिबल!"

रफीकभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कलेक्टिबल म्हंजे काय, सर?"

"म्हंजे जुना, नामी. वापरायचा नाही, जपून ठेवायचा. मंग पोरीले द्यायचा, तिनं तिच्या लेकरायले द्यायचा. खानदानात चालत राह्यला पाह्यजे."

"वापरायचा नाही, नुसता ठेवायचा? मंग माह्यं अख्खं दुकानच कलेक्टिबल आहे! घेऊन जा!"

* * *

मी सरांना विचारलं, "कॅमेराच कायले? पोरीले एखादी अंगठी करा ना."

सर म्हणाले, "भाऊ, आमच्या खानदानातून मले दोनच गोष्टी भेटल्या. आज्याकडून मूळव्याध आन बापाकडून चष्म्याचा नंबर. दोन्ही चालू हालतीत आहेत!"

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत.

"चौतीस वर्षं फळ्यावर चित्रं काढली," ते म्हणाले. "घंटी झाली की मीच पुसत होतो. पुढचा तास गणिताचा राहे ना! मंग माह्यं म्हणून राह्यलं काय? मी गेलो की भंगारवाला येईन आन सारं वजनावर नेईन. माह्यामागं एक तरी वस्तू पाहून घरच्या कोणी म्हणावं, का हे मले पाह्यजे. बस, एवढंच."

एरवी रफीकभाई असा मोका सोडत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनीही चिमटा काढला नाही. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी मुकाट्याने तीन चहा सांगितले.

* * *

आता घरच्यांचं मत. सरांची मुलगी रश्मी यवतमाळला कॉलेजात शिकवते. सरांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला, तोही स्पीकरवर. मास्तरांना सगळं वर्गासमोर करायची सवय!

"बाबा, त्याच्यात फोटो लगेच दिसते का?"

"नाही. रोल संपला, का धुवायले मुंबईले पाठवायचा. महिन्याभरात येते."

"महिन्याभरात? तोपर्यंत तर फोटोतल्या माणसासोबत माह्यं भांडण होऊन जाईन!"

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ स्क्रीनच पुसत बसले.

सरांच्या घरून, म्हणजे प्रमिलावहिनींकडून, याहून कडक शेरा आला. वहिनी घरी ब्लाउज शिवतात. दिग्रसच्या अर्ध्या बायकांची मापं त्यांच्या वहीत आहेत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची हिंमत गावात कोणाची नाही. मी एकदा सहज विचारलं, "वहिनी, तुम्हाले काय वाटते या कॅमेऱ्याबद्दल?"

पायमशीन न थांबवता त्या म्हणाल्या, "जुनी वस्तू आणायची, कामाले लावायची नाही, नुसती सांभाळायची, बरोबर? अशी एक वस्तू हाये माह्या घरी. शाळेतून रिटायर होऊन आली!"

* * *

पण सर मागे हटणाऱ्यांतले नव्हते. पहिला कॅमेरा त्यांनी ऑनलाइन मागवला. काय देखणा! पितळेचं अंग, चामड्याचं म्यान, वर जर्मन नाव आणि शेजारी कोरलेलं छोटं विमान.

"दुसऱ्या महायुद्धातला आहे," सर दबक्या आवाजात म्हणाले. "जर्मन पायलटचा!"

रफीकभाईंनी बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. दोन स्क्रू सैल केले, वरची पट्टी उचलली, आतली खरवडून साफ केलेली जागा उजेडात धरली. तिथे दुसरंच नाव पुसट दिसत होतं आणि त्याची अक्षरं रशियन होती.

"सर, पायलट जर्मन होता म्हणता ना?" रफीकभाई म्हणाले. "मंग विमान चुकून रशियात उतरलं होतं वाटते!"

"म्हंजे नकली?"

"हाव, नकली. पण नकलीले बी साठ-सत्तर वर्षं झाली असतीन. एवढी वर्षं खोटं टिकवणं सोपं नाही, सर!"

"आमच्या खानदानात खोटं बोलणारे आधीच कमी आहेत का? वस्तू तरी खरी पाह्यजे," सर म्हणाले आणि त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला.

तो बहाद्दर जराही गडबडला नाही. म्हणाला, "साहेब, जन्मानं जर्मनच आहे. फक्त रशियात लहानाचा मोठा झाला!"

* * *

दुसरा कॅमेरा कळंबला होता. एक जुने फोटोग्राफर वारले होते, त्यांच्या मुलाकडे कॅमेरा होता आणि तो विकायचा म्हणत होता. आम्ही तिघं बसने गेलो, आधी चिंतामणीच्या देवळात, मग त्या मुलाच्या घरी.

मुलाने देवघरातून मखमलीत गुंडाळलेला कॅमेरा आणला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाबा गेल्यापासून एकही दसरा चुकवला नाही. दरवर्षी पूजा करतो. हळद, कुंकू, अक्षता, फूल!"

आमच्या धंद्यात दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा सगळेच करतात. पण आम्ही बाहेरून एक बोट कुंकू लावतो. या पठ्ठ्याने लेन्स काढून, मागचं झाकण उघडून, थेट आत पूजा केलेली. देव आत असतो म्हणे!

रफीकभाईंनी झाकण उघडलं आणि कॅमेरा हलकेच तिरपा केला. त्यांच्या तळहातावर मूठभर तांदूळ पडले. मागोमाग झेंडूची वाळलेली पाकळी. शटरचा पडदा कुंकवाने लालभडक झालेला.

"सर," रफीकभाई गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हा कॅमेरा नाही, ओटी आहे. फक्त खण-नारळ राह्यला!"

मुलगा घाबरला. "चालू होईन ना पण?"

"होईन ना! फक्त यातून गडीमाणसाचा फोटो काढला तरी कपाळाले कुंकू येईन!"

मुलगाही हसला. मग त्याने ते तांदूळ रफीकभाईंच्या हातातून परत घेतले, कॅमेऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "राहू द्या काका. नाही विकत. बाबाचा आहे."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर पाहत बसले होते. यवतमाळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पाह्यलं? बिघडलेला आहे, तरी पोरगं सोडून नाही राह्यलं."

* * *

आता माझी इज्जत घालवणारा किस्सा. मी सांगणार नव्हतो, पण कॅमेरा निवडताना काय पाहायचं हा विषय निघाला आणि रफीकभाईंनी सरांना सगळं सांगून टाकलं.

धंद्यात नवा होतो. झरी जामणी तालुक्यातल्या एका गावात लग्न होतं. छत्तीस फोटोंचा रोल चढवला आणि लागलो कामाला. हार झाले, आहेर झाले, पंगती झाल्या. अडतीस फोटो झाले, चाळीस झाले, तरी रोल संपेना. मी खूश! वाटलं, कंपनीने या वेळी जास्तीची फिल्म भरली. मी नवरीच्या बकरीचाही फोटो काढला.

दिग्रसला येऊन अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडला, तर फिल्मची शेपटी चाकात अडकलेलीच नव्हती. अख्खा रोल डबीत जसाच्या तसा झोपलेला. मी दिवसभर नुसता खटखट करत फिरलो होतो!

चार दिवसांनी माफी मागायला गावात गेलो. नवरदेवाचा आजा बाजेवर बसला होता. "किती फोटो आले?" त्याने विचारलं.

"एकही नाही, बुवा. रोल अटकलाच नव्हता."

आजाने थोडा विचार केला आणि हाक मारली, "अरे, लग्न पुन्हा लावा लागते!"

अर्ध्या तासात नवरानवरी नटून तयार. मांडव उतरवला होता म्हणून कडुनिंबाखाली उभे केले. गाव पुन्हा गोळा झालं, पुन्हा जेवण शिजलं. पहिल्या लग्नात मानपान झाला नाही म्हणून रुसून गेलेले मामाही आले, कारण या वेळी त्यांना आधी टोपी घातली! मी कॅमेरा डोळ्याला लावला की पोरासोरांसकट अख्खं गाव एका सुरात विचारायचं, "रोल अटकला का?"

ते जोडपं अजून दिग्रसच्या बाजारात भेटतं. नवरदेव अजूनही रामरामच्या आधी तेच विचारतो.

* * *

हे ऐकून सरांनी विचारलं, "तो कॅमेरा कुठी आहे?"

कुठे म्हणजे? माझ्या टेबलावर! पंख्याच्या वाऱ्याने बिलं उडू नयेत म्हणून ठेवलेला. नुसता धातू, बॅटरी नाही, नाव साधं, कोपरे घासून पितळ उघडं पडलेलं. सरांनी तो उचलला, चावी दिली, बटण दाबलं. खटका असा वाजला की रफीकभाईंनी मान डोलावली.

"हा कलेक्टिबल नाही हो," मी म्हणालो. "यानं नुसती लग्नं काढली."

"यानं एका जोडप्याचं दोनदा लग्न लावलं," सर म्हणाले. "याच्यापेक्षा नामी कुठून आणू?"

एकच शंका उरली होती. "बिघडला तर दुरुस्त कोण करीन?"

"मी बसलो ना," रफीकभाई म्हणाले.

"आन तुमच्यामागं?"

रफीकभाईंना हे कोणी कधी विचारलं नव्हतं. डोकं खाजवून म्हणाले, "सर, असं करा. माह्यामागं बिघडूच देऊ नका!"

मी कॅमेऱ्याचे पैसे घेतले नाहीत. सरांनी रोल चढवला, शेपटी अडकली की नाही ते आमच्या तिघांच्या डोळ्यांनी तपासलं, चार फोटो काढले आणि कॅमेरा घरी नेऊन ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला.

* * *

बुद्ध पौर्णिमेला सरांनी आम्हाला खीर खायला बोलावलं. रश्मीही यवतमाळहून आली होती. वंदना झाली, वाट्या भरल्या आणि नवा पांढरा सदरा घातलेल्या सरांनी कपाटातून कॅमेरा काढला. चौतीस वर्षांची सवय, भाषण आलंच.

"रश्मी, हा आपल्या घरचा पह्यला वारसा. उद्या मी असो, नसो..."

रश्मीने कॅमेरा घेतला. उलटा-सुलटा करून पाहिला. लेक बापावरच गेलेली, खोटं बोलता येत नाही. "बाबा, मी नेईन. पण खरं सांगू का? माह्या घरीबी हा कपाटातच राहीन."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"आन हा तीस आकडा कायचा आहे?" रश्मीने विचारलं.

"तीस?" सर पुढे वाकले. "मी तर चारच काढले! रफीकभाई, काउंटर बिघडला का?"

रफीकभाई खिरीच्या वाटीत बदाम शोधत होते.

"बिघडला नाही," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. प्रमिलावहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. "हिले कायले देऊन राह्यले? मले पाह्यजे हा. सहा फोटो बाकी आहेत माहे."

सरांच्या हातात वाटी तशीच राहिली. "तुले कवापासून येते हे? आन कायचे काढले सव्वीस?"

"धुऊन आले की पाहा. आता त्या खुर्चीत बसा. सदरा नीट करा. हलू नका."

सर बसले. सदरा नीट केला. वहिनींनी कॅमेरा उचलला, सुईत दोरा ओवताना मिटतात तसा एक डोळा मिटला आणि बटणावर बोट ठेवलं.

आणि रफीकभाईंच्या तोंडून सवयीने निसटून गेलं, "भाभी, पयले फोकस!"