पाऊण पान आणि सात बायका

पाऊण पान खोटं लिहायला मला वीस मिनिटं लागतात.

झालं असं, की आमच्या घणसोली गावातल्या क्रिकेट मंडळाची स्मरणिका छापायला चालली होती आणि एका बिल्डरने ऐन वेळी जाहिरात मागे घेतली. पाऊण पान रिकामं! संपादक मी. (तुर्भ्याला कंपनीत डिलिव्हरी चलनं लिहितो, म्हणून गावात साहित्यिक.) मी दिलं ठोकून: आमच्या मिठागराचा बांध भरतीला फुटायला आला, तेव्हा गावच्या सात बायका भरती ओसरेपर्यंत बांधाला पाठ लावून बसल्या आणि त्यांनी गाव वाचवलं! बक्षीस समारंभात मी ते माइकवरून वाचलंसुद्धा. टाळ्या काय, शिट्ट्या काय! पहिल्या रांगेतली माझी काकी तेवढी मधेच उठून घरी गेली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

ह्याला दहा-बारा वर्षं झाली. आता माझी मुलगी मयुरी इतिहासात एमए करतेय. प्रबंधाचा विषय, मिठागरात राबलेल्या बायका. एका रविवारी सकाळी बघतो तर पोरगी रडवेली.

"पप्पा, उद्या तिसरं प्रकरण द्यायचंय. मॅडम म्हणाल्या, गावगप्पा नकोत. तीन विश्वसनीय संदर्भ नसले तर प्रबंध घेणार नाहीत. वर्ष वाया!"

"हात्तिच्या! नेटवर काय मिळत नाही? सरक!"

मी लुंगी सावरून लॅपटॉपसमोर बसलो. पाऊण तास नुसतीच मिठाच्या पुड्यांची दुकानं येत होती. मग एकदम परदेशातल्या कुणा विदुषीचा शोधनिबंध सापडला. त्यात तक्ते, नकाशे आणि चक्क आमच्या गावच्या सात बायका! माझ्या अंगावर काटा आला. अरे, मी खोटं म्हणून लिहिलं आणि ते खरं निघालं!

"तसा नव्हता रं," कोपऱ्यात सुकट निवडत बसलेली काकी म्हणाली.

"काकी, रिसर्च चाललंय. जरा गप बस ना!"

दुसरा लेख सापडला, कुठल्याशा परिषदेतला. सात बायका! तिसरी सापडली वेबसाइट, वारसा-बिरसा जपणारी. तिथेही सातच! एक कमी नाही, एक जास्त नाही.

"घे तीन संदर्भ! एवढी शिकलेली माणसं उगाच लिहितील?"

मयुरी मात्र खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचत होती. विदुषीने परिषदेतल्या लेखाचा हवाला दिला होता, लेखाने वेबसाइटचा. आणि वेबसाइटवर होता एका पिवळ्या पानाचा फोटो. वर गॉगल लावलेला मी, खाली पाव पानात मटण शॉपची जाहिरात.

"पप्पा, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"पाऊण पान रिकामं होतं, बाळा."

तिने लॅपटॉप मिटला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मी पाणी आणायला उठलो.

"बांद फुटला व्हता," काकी म्हणाली. सुकट निवडणं चालूच. "सात नाय, आमी दोगीच व्हतो. मी न माजी भयीन गंगी. माती टाकीत व्हतो. ती पान्यासंगं गेली. तिसऱ्या दिशी तिवराच्या चिखलान गावली. हातातल्या बांगऱ्यांवरशी वलखली."

माझी आई गेल्यावर ह्याच बाईने मला वाढवलं. तिला बहीण होती, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिच्या मरणावर मी माइकवरून टाळ्या घेतल्या होत्या! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"काकी, एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"मना इचारला कोनी? तू वाचून दावलास, सगला गाव टाल्या वाजवीत व्हता. मना वाटला, तुमाना तीच गोस्ट पायजे."

मयुरीने डोळे पुसले, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि काकीसमोर फरशीवर मांडी घातली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"पप्पा, तुम्ही गप बसा!"

बसलो. दुपारची जेवणं राहिली, सुकट मांजराने नेली. मॅडमनी ती मुलाखत वाचली आणि तीनही संदर्भ माफ केले.

बांधलेला प्रबंध घरी आला, तेव्हा काकीने विचारलं, "कंचा गंगीचा नाव?" मयुरीने तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. काकीने ते बराच वेळ उचललं नाही. मी मागची पानं चाळत बसलो. संदर्भसूचीत माझ्या त्या पाऊण पानाची नोंद होती, आणि पुढे लिहिलं होतं: 'सदर लेखक प्रस्तुत अभ्यासकाचे वडील असून त्यांच्या कोणत्याही विधानावर विसंबू नये.'

प्रबंधातल्या वाक्यावाक्याला मॅडमनी पुरावा मागितला होता म्हणे. ह्या एका वाक्याला मागितला नाही!