आण्याच्या ओढ्यावरची पेटी

आणे गावाच्या पठारावरून फोन आला तेव्हा मी अवसरीतल्या घरी बसून ऑफिसचं काम करत होतो.

"भाऊ, तुमची नवी पेटी मुकीच हाय. ओढ्यात बिबट्याचं पाऊल हाय. सांजच्याला मेंढरं येत्याल."

बोलणाऱ्या मावशी मेंढपाळ. त्यांच्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीजवळ, आमच्या कंपनीने ती पेटी बसवली होती. मोठं जनावर जवळ आलं की पेटीतला कॅमेरा जागा व्हायचा, फोटो घ्यायचा आणि भोंगा वाजायचा. कॅमेऱ्याकडून काम करून घेणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो लिहायचं काम माझ्याकडे होतं.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पेटीला लॅपटॉप जोडला. कॅमेरा जागा होत होता, एक फोटो देत होता आणि ड्रायव्हर दुसऱ्याची वाट बघत अडकून पडत होता. जुन्या कॅमेऱ्यांना एक खोड होती. जागं झाल्यावरचा पहिला फोटो ते काळाकुट्ट द्यायचे, म्हणून ड्रायव्हर तो टाकून दुसरा घ्यायचा. ही पेटी नव्या मालातली. हिचा पहिलाच फोटो स्वच्छ होता, आणि दुसरा ती देतच नव्हती.

मी हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "मंग पयला टाकायचं बंद करा की."

"केलं तर खोडद गावातली आमची जुनी पेटी आंधळी होईल. सगळीकडे हाच प्रोग्राम जातो."

"मंग आमी काय करायचं?"

कॅमेऱ्याच्या चिपला तिची आवृत्ती विचारता येते. ती जुनी असेल तरच पहिला फोटो टाकायचा, अशी अट मी लिहायला घेतली. पलीकडून मेंढरांचा आवाज येऊ लागला. चालवून बघितलं, तर चिप उत्तरच देईना. जागी व्हायच्या आतच मी तिला विचारत होतो. विचारण्याआधी थोडं थांबायला लावलं. आता आवृत्ती आली, पण खरी परीक्षा कॅमेरा झोपून उठल्यावरच होणार होती.

"मावशी, समोर कुणी हलू नका."

मावशींनी कळपामागून येणाऱ्या नवऱ्याला हात करून कळप चढावरच थांबवला. आम्ही पेटीमागे बसून राहिलो. पेटीवरचा दिवा मंद झाला, म्हणजे कॅमेरा झोपला. तेवढ्यात कुत्रं गुरगुरलं. ओढ्याकडच्या घाणेरीच्या झुडपांत काहीतरी सरकलं. दिवा लागला, पण भोंगा गप्पच. मावशींनी माझा दंड घट्ट धरला.

आणि भोंगा असा केकाटला, की लॅपटॉप मांडीवरून खाली पडला. घाणेरीतून ठिपक्यांची पाठ वर आली, वळली आणि पलीकडच्या खडकांत गेली.

मेंढ्या वाघरीत गेल्यावर मावशी पेटीकडे बघत म्हणाल्या, "लई उशीर लावती ही."

तो थांबा मीच घातला होता. गाडीत बसून तो निम्म्यावर आणला आणि प्रोग्राम पुन्हा पेटीत भरला. सकाळी खोडदला जाऊन जुन्या पेटीत तोच प्रोग्राम भरला आणि ती झोपेपर्यंत थांबलो. तिथल्या शेतमालकांची म्हैस समोरून गेली आणि भोंगा वाजला. म्हैस त्यांच्या हातातलं दावं हिसकून पळाली. तिच्यामागे धावताना मालक मला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.