हरिओमचा तिसरा सिनेमा

पडदा वर जातो तेव्हा माजलगाव धरणाचं पाणी मागे हटलेलं आहे, काठावरचं गवत पिवळं पडलं आहे आणि सूर्य मावळतीला कासराभर उरला आहे. मधोमध उभा आहे हरिओम. दिग्दर्शक. वय चाळिशीपार, ओठ घट्ट मिटलेले.

त्याचे वडील अर्जुनराव, म्हणजे आपले अप्पा. लोकनाट्यात मी त्यांच्यासमोर उभी राहिले आहे. पुढे ते सिनेमात गेले आणि गावोगावच्या पडद्यावरचे खलनायक झाले. त्यांच्या एका हसण्यावर टॉकीज दणाणायची. इतका दिलदार नट मी पाहिला नाही. पण त्या हसण्याखाली पोराचं नाव कुणाला ऐकूच गेलं नाही.

हरिओमनं दोन सिनेमे केले. दोन्ही वेळा निर्माते म्हणाले, "अप्पांना घ्या, मग बोलू." पोस्टरवर अप्पाच अप्पा. गोष्टीत अप्पा मेले की लोक उठून घरी जायचे, आणि हरिओमला जे सांगायचं असायचं ते तिथून पुढे सुरू व्हायचं!

तिसरा सिनेमा त्यानं अप्पांशिवाय करायचा ठरवला. गोष्ट मेंढपाळांची. शेवटच्या दृश्यात धुळाजीचा कळप मावळत्या उजेडात काठावरून जाणार होता. धुळाजी खराखुरा मेंढपाळ, दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला निघणारा. हरिओमच्या हातात हीच एक संध्याकाळ होती.

अप्पा माझ्यासोबत नुसतं बघायला आले. गाडी लांब लावली. "मी खाली उतरत न्हाई, वनमाला. पोराचं काम हाय." पण वाटेत चहाच्या टपरीवर मी बोलून गेले होते, गावाला कळलंच. पुढारी बंकटराव हलगीवाले घेऊन हजर.

"अप्पा आपल्या शिवारात, अन् सत्कार न्हाई? लोकं काय म्हणतील?"

हरिओमनं हात जोडले. "थोडं थांबा, बंकटराव. कळप येतोय."

"तुमी चालू द्या की! आमी कडंला करतो."

कडेला म्हणजे नेमकं कॅमेऱ्यासमोर. अप्पांना हाताला धरून उतरवलं. फेटा, शाल, नारळ. आम्हा कलावंतांना समोर धरलेली शाल नाकारता येत नाही. अप्पांनी मान वाकवली. तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली आणि मेंढरं बिथरून थेट उसात घुसली. मागं धुळाजी, त्याची बायको कडूबाई, कॅमेरावाले, सगळेच उसात. शेवटचं मेंढरू बाहेर आलं तेव्हा सूर्य बुडाला होता.

"आता अप्पांच्या चिरंजीवांचा सत्कार!" बंकटराव ओरडले. मग हरिओमच्या खांद्यावर शाल टाकत हळूच, "नाव काय म्हणलं तुमचं?"

अप्पांनी फेटा उतरवला. पोराकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"उद्या एक दिवस थांबता का?" हरिओमनं धुळाजीला विचारलं.

"कसं थांबू, मालक? इथला चारा सरला."

हरिओम अंगावरच्या शालीसकट धुळाजीजवळ सरकला. मग दात आवळून म्हणाला, "पुढला मुक्काम कुठं हाय, ते मला एकट्याला सांगा. बंकटरावला न्हाई, अप्पांना न्हाई, अन् या वनमालामावशीला तर बिलकुल न्हाई."