थोरले साडू आणि माझी स्नोमोबाइल

माझे थोरले साडू जगातलं कुठलंही यंत्र चालू करू शकतात, आणि माझ्या घरातलं कुठलंही यंत्र त्यांच्याशिवाय चालू व्हायला तयार नसतं. या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझी बायको अभिमानानं सांगते, दुसरा मी दात खाऊन सांगतो. बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान मिनेसोटात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहायचे. शिक्षण संख्याशास्त्राचं, नोकरी विमा कंपनीत. मेकॅनिकल इंजिनियर मी आहे. नुसता इंजिनियर नाही, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्याआधी आमच्यात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, हे मी कुणी न विचारताही सांगतो आणि पुढेही सांगणार आहे. पण डिशवॉशर जरा गुरगुरला की बायको त्या डिग्रीच्या फ्रेमखाली उभी राहून म्हणते, "भाऊजींना बोलवू का?"

ते यायचेच, बोलावलं नाही तरी. कुणी काही सेकंडहँड घ्यायला निघालं की हे मुलगी पाहायला निघाल्याच्या थाटात पुढे. डोक्याला माकडटोपी, टोपीवर विजेरीचा पट्टा, खिशात स्टीलचा चमचा. त्या चमच्यानं ते वस्तूला जागोजागी टकटक करत आणि डोळे मिटून ऐकत. एकदा माझ्या मित्राची जुनी व्हॅन घ्यायची होती. साडूंनी बॉनेटला कान लावला, आम्ही सगळे श्वास रोखून उभे, आणि मग ते त्या म्हाताऱ्या अमेरिकन मालकाला म्हणाले, की तुम्ही हिला फार मायेनं सांभाळलंय, हिच्या आवाजात कळतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं व्हॅन विकायचं कॅन्सल केलं. मित्र आजही बसनं ऑफिसला जातो, आणि साडूंना दिवाळीला फराळ पाठवतो. असं नुकसान मी कुणाचं केलं असतं तर मला फराळ आला असता का?

तर, एका वर्षी मी त्यांना न सांगता स्नोमोबाइल घेतली. म्हणजे बर्फावरची मोटारसायकल. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. वापरलेलीच, पण माझी मी पाहिलेली, माझी मी पसंत केलेली. मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ट्रेलरवरून गॅरेजात उतरवली आणि शटर खाली ओढतोय, तोवर खालून माकडटोपी आत आली.

"काय रे इंजिनियरसाहेब, परस्पर साखरपुडा?"

पुढचा अख्खा शनिवार तपासणी चालली. स्की धरून गदागदा हलवल्या. गाडीचा मागचा भाग स्टँडवर चढवून पट्टा हातानं फिरवला, एकेक रबरी दात चाचपला. इंजिनचा जोर पट्ट्यापर्यंत नेणारा बेल्ट काढून उजेडात धरला, कडा विसविशीत झाल्यात का पाहिलं. कूलंटचा वास घेतला. शेवटी हवेच्या फिल्टरची पेटी उघडली, तर आत उंदरानं सीटमधला फोम कुरतडून सुरेख बिछाना केलेला. मॅन्युअलमध्ये उंदीर नव्हता. आता हे बोलणार, म्हणून मी छाती काढून तयार राहिलो. साडूंनी तो बिछाना अलगद उचलून कागदावर ठेवला आणि म्हणाले, "मस्त घेतलीस रे. उंदरालासुद्धा आवडली म्हणजे बघ!" हसले असते तर मी भांडलो असतो. कौतुक करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुठल्याच सेमिस्टरला शिकवलं नाही.

त्यानंतर गाडी माझ्या नावावर आणि त्यांच्या कह्यात राहिली. जुनं पेट्रोल त्यांनी काढलं, कार्ब्युरेटर त्यांनी धुतला, सांध्यांना ग्रीस त्यांनी भरलं. मी चोक ओढून, मॅन्युअलबरहुकूम, सुरू करायची दोरी खांदा निखळेपर्यंत ओढायचो. ती खोकायचीसुद्धा नाही. साडू यायचे, हँडलवर हात ठेवायचे, म्हणायचे, "चल गं बाई, थंडी सगळ्यांनाच आहे," आणि दोरी अशी ओढायचे जशी कुणी पडद्याची ओढावी. ती लगेच गुणगुणायला लागायची. निर्लज्ज!

त्याच हिवाळ्यात सासरे पहिल्यांदा अमेरिकेत येणार होते. लग्न ठरताना त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे आणखी कोण शिकलेलं आहे?" तसं विचारण्यात काही वाकडं नव्हतं. मी म्हटलं होतं, "मी आहे." ते "बरं" म्हणाले होते. ते 'बरं' माझ्या घशात अजून अडकलेलं आहे. साडूंच्या घरी पणजोबांपासून सगळे पदवीधर. त्यांना असं कुणी काही विचारलं नसणार. म्हणून मी ठरवलं, गोठलेल्या तळ्यावरून सासऱ्यांना फेरी मारून आणायची ती माझ्या गाडीवरून, आणि दोरी ओढणार मी.

त्या सकाळी तळ्यावर सगळे जमलो. सासरे तीन स्वेटर आणि वर शाल अशा अवतारात. साडूंनी आधीच येऊन नव्या वाहनाची पूजा मांडली होती: हळदकुंकू, नारळ, उजव्या हँडलला लिंबू-मिरची, आणि चाकं नसल्यामुळे दोन्ही स्कींखाली एकेक लिंबू. ती लिंबं गोठून दगड झाली होती.

"जावईबापू, ही उलटत तर नाही ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हणालो आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. घाम गोठायला लागला. मागून बायकोचा आवाज आला. तेच तीन शब्द, आणि भाऊजी तर तिच्या शेजारीच उभे!

साडू पुढे आले. "चल गं बाई." ओढली. काही नाही. "अगं, बाबा आलेत!" काही नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगात ऊब आली. मग आम्ही दोघं एकाच वेळी हँडलकडे वाकलो. लिंबू-मिरचीचा दोरा इंजिन बंद करायच्या लाल बटणावरून घट्ट गुंडाळलेला होता. बटण दाबलेलं. मी तोंड उघडलं, शब्द जिभेवर होते, पण साडूच ओरडले, "अहो बाबा, हा माझा गाढवपणा! दृष्ट लागू नये म्हणून मीच गाडी बंद करून ठेवलीय!" आणि बर्फावर बसून पोट धरून हसायला लागले. सासरे हसले. बायको, मेहुणी, सगळे हसले. मी उभा होतो. सासऱ्यांसमोर असं चुकायचं, वर ते ओरडून सांगायचं आणि मोठं होऊन उठायचं, हे या माणसाला कुणी शिकवलं? माझ्या हातून तो दोरा बांधला गेला असता तर मी तळ्यात भोक पाडून उडी घेतली असती.

त्यांनी दोरा सोडवला, बटण वर ओढलं आणि बाजूला झाले. "हं, ओढ आता. तुझी गाडी आहे."

मी ओढली. सुरू झाली. सासरे माझ्या कमरेला मिठी मारून बसले आणि अख्खं तळं पार होईपर्यंत माझ्या कानात ओरडत राहिले, "थोरले फार गमतीचे आहेत हो!" उतरताना मात्र म्हणाले, "तुम्ही फार जपून चालवता." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात साडूंची नोकरी बदलली आणि ते टेक्ससला, शुगर लँडला गेले. तिथे बर्फ फ्रिजमध्येच. यंदा पहिला बर्फ पडला तसा मी एकटा गॅरेजात उतरलो. स्की हलवल्या, पट्टा फिरवला, बेल्ट उजेडात धरला, फिल्टरची पेटी उघडली. उंदीरसुद्धा नव्हता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हँडलवर हात ठेवला, हळूच म्हणालो, "चल गं बाई," आणि ओढली. पहिल्याच ओढीला सुरू. बायकोला हाक मारावी असं वाटलं, पण ती बाहेर गेली होती. मी थोडा वेळ तो आवाज ऐकला. मग लाल बटण दाबलं आणि फोन लावला.

"दादा, सुरू होत नाहीये हो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब थांब, टोपी घालतो." त्या उकाड्यात! मग जरा वेळानं, "हं. डोळे मिटलेत मी. फोन इंजिनजवळ धर आणि ओढ बघू."

मी फोन इंजिनजवळ नेला. ते अजून गरम होतं.