भिवाची ओळख पटेना

आमच्या घरात तावीज बांधायला बंदी होती. माझे अब्बा नगरला शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि म्हणायचे, "जे दिसतं तेच काढा, जे दिसत नाही ते काढायचं आपलं काम नाही." मीही त्याच शिस्तीत वाढलो. कुणी झपाटलेल्या विहिरीची गोष्ट सांगू लागलं की मी उठून जायचो. म्हणून हे लिहिताना हात जरा जड होतोय... पण आता वय झालं. त्या प्रकरणातली बहुतेक माणसं गेली. मी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

साल १९४६. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतच्या बाजूच्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होतो. तालुक्याचं नाव लिहीत नाही, आणि गावालाही इथं टाकळवाडी म्हणतो — खरं नाव वेगळं. माणसांची नावंही बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

लढाईत मेलेल्या शिपायाच्या बायकोला पेन्शन मंजूर झालं की ऑर्डर आमच्याकडं यायची. मग बाईनं कचेरीत हजर व्हायचं. गावचा पाटील आणि घरचं एक माणूस "हीच ती" म्हणून सांगणार, मी तिच्या अंगावरच्या खुणा लिहून घेणार, डाव्या हाताचा अंगठा घेणार, मामलेदार सही करणार. दर सहा महिन्यांनी पुन्हा तशीच हजेरी. ना फोटो, ना कसला दाखला. माणसानं माणसाला ओळखलं की झालं.

टाकळवाडीचा रामजी नावाचा शिपाई ब्रह्मदेशात मारला गेला होता. त्याच्या बायकोचं नाव सगुणा. रामजीचा धाकटा भाऊ भिवा आणि गावचा पाटील तिला घेऊन आले, ओळख पटवली, मी अंगठा घेतला. दहा मिनिटांचं काम. त्या बाईनं सबंध वेळ पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता, पण आमच्याकडं येणाऱ्या सगळ्याच बाया तशा यायच्या.

दोन महिन्यांनी एक बाई कचेरीच्या पायऱ्या चढून थेट माझ्या टेबलापाशी आली. पस्तिशीची असेल. पायात काही नाही, घोट्यापर्यंत धूळ.

"भाऊसाहेब, मी सगुणा. टाकळवाडीच्या रामजीची बायकू. माझ्या नावाचा कागद आलाय म्हनं."

मी म्हणालो, "सगुणाबाई येऊन गेल्या की."

"कोन येऊन गेली?"

ती भीमेपलीकडं माहेरी होती, आजारी चुलत्याची सेवा करत. नवरा गेल्याची तार टाकळवाडीला आली, ती तिला कुणी कळवलीच नाही. चुलता वारल्यावर ती सासरी परतली, तर दाराला आतून कडी. सासू दाराआड उभी होती, तिच्या श्वासाचा आवाज बाहेर येत होता म्हणे. दार उघडलं नाही. रामजीच्या वाट्याची जमीन आणि पेन्शन — दोन्हीवर भिवानं हात मारला होता, आणि त्याच्या बायकोची मावसबहीण चंद्रा ही "सगुणा" म्हणून उभी केली होती.

अर्थात हे सगळं मला पुढं कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच होतं की एका नावाच्या दोन बाया झाल्या होत्या. मामलेदारांनी चौकशी लावली.

चौकशीला टाकळवाडीची पाच-सहा माणसं आली. पाटील समोर बसलेला, म्हणून गावातलं कुणी तोंड उघडेना. मामलेदारांनी भिवाला विचारलं, "ही बाई कोण?"

भिवा पंचविशीचा, उंच, तरतरीत गडी. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. नजर चुकवली नाही, हे मला आजही लख्ख आठवतं.

"ठावं न्हाई, रावसाहेब. कदी पाह्यली बी न्हाई."

सगुणा म्हणाली, "भिवा, तू सात वर्साचा हुतास मी लगीन हून आले तवा. तुला देवी आल्या तवा एकवीस दिस मी तुझ्या उशाला बसले. तुझी आई बी जवळ येत नव्हती. मी निंबाचा पाला घालून निजवायची तुला. मला वळखत न्हाईस?"

"न्हाई."

"पुन्यांदा म्हन."

"न्हाई वळखत, बाई. किती येळा सांगू?"

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडं वळली. "लिवा भाऊसाहेब. शब्दाला शब्द लिवा. आनि ह्ये बी लिवा — ज्या तोंडानं ह्यो मला न्हाई म्हनला, त्ये तोंड त्याच्या सोत्ताच्या आईला बी वळखू येनार न्हाई."

मामलेदार म्हणाले, "शापबिप लिहायचे नसतात." मी ते लिहिलं नाही. भिवाचा जबाब लिहिला, त्याचा अंगठा घेतला, आणि निकालाच्या कागदावर माझ्या हातानं तिच्यापुढं शब्द लिहिला — "तोतया बाई". शाई कोरडी होईपर्यंत ती समोर उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलंत?" मी कागद उचलून मामलेदारांच्या सहीला नेला.

ती परत गेली नाही. जाणार तरी कुठं... तालुक्याच्या गावीच चार घरची दळणं दळून राहू लागली. कधी रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

चार महिन्यांनी चंद्राची हजेरी आली. तोवर जुने मामलेदार बदलून गेले होते, त्यांच्या जागी तरुण साहेब आले होते. सकाळी अकराच्या सुमारास — ऊन व्हरांड्यात पसरलेलं, कचेरी माणसांनी भरलेली — भिवा माझ्या टेबलापाशी आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"भाऊसाहेब... तुमी वळखता का मला?"

"अरे, भिवा ना तू?"

तो मटकन खालीच बसला आणि ढसाढसा रडू लागला. "तुमीच. धा दिसात तुमीच पैले."

त्यानं सांगितलं ते असं. दहा दिवसांपूर्वी तो नेहमीसारखा शेतावरून घरी आला. बायकोनं परक्या माणसाला पाहून घ्यावा तसा पदर घेतला आणि म्हणाली, "कारभारी घरी न्हाईत, नंतर या." त्याला वाटलं चेष्टा करतेय. तो आत शिरला तशी तिनं आरडाओरडा केला. शेजारची माणसं धावली, त्यातले दोघे त्याचे लहानपणचे सोबती. त्यांनी त्याला मारून बाहेर काढलं. मारताना विचारत होते, "भिवाच्या घरात शिरतोस व्हय रं?" म्हाताऱ्या आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यानं तिचा हात धरून आपल्या तोंडावरून फिरवला. तिनं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, देवीचे वण चाचपले... आणि म्हणाली, "कुनाचं रं लेकरू तू?"

मला वाटलं, जमिनीच्या भांडणात गावानं एक होऊन याला टाकलाय. मी त्याला व्हरांड्यात, चंद्राला घेऊन आलेल्या पाटलापुढं नेऊन उभा केला. "पाटील, भिवा आलाय."

पाटलानं त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. "कुठंय? धा दिस झाले बेपत्ता हाय गडी. त्याची म्हातारी रडून अर्धी झालीय. तांबोळी भाऊसाहेब, कुठं पाह्यला तुमी त्याला?"

"हा काय समोर."

पाटलानं त्याला खालीवर न्याहाळलं. मी पाटलाचा चेहरा बघत होतो. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघायचो, तो माझा धंदाच होता. पाटील खोटं बोलत नव्हता. बाजूला बसलेल्या चंद्रानंही मान हलवली. तिनं तर भीतीनं पाय आखडून घेतले, अनोळखी गडी अंगावर आल्यासारखे.

भिवाचा तोल सुटला. तो साहेबांच्या खोलीत घुसला, आम्ही सगळे मागोमाग. "मीच भिवा हाय रावसाहेब! भिवाबिगर कुनाला ठावं नसंल त्ये सांगतो. पाटील, माझ्या वसरीत बसून आपन ठरावलं का न्हाई, चंद्रीला सगुणा म्हनून हुभी करायची? तुमी म्हनला, पदर खाली ओढून घ्यायला सांग, कारकून वर बगत न्हाई. वसरीत आपन तिघंच हुतो. चौथं कोन हुतं, सांगा!"

पाटलाच्या तोंडावरचं रक्त उतरलं. एक परका माणूस त्याच्या पोटातलं घडाघडा बोलत होता. चंद्रानं साहेबांचे पाय धरले आणि सगळं कबूल केलं.

साहेबांनी सगुणाला बोलावून आणलं. ती पिठानं माखलेल्या हातांनीच आली. भिवानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "वैनी, तू तरी सांग. मी कोन?"

तिनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "ह्यो भिवा. माझा दीर. लागतील तेवढ्या येळा सांगते — ह्यो भिवाच हाय."

भिवाच्या तोंडावर जीव आला. पण साहेब कागद चाळत होते. "बाई, कागदावर तुम्ही तोतया आहात. जी बाई स्वतःच कोण हे ठरलेलं नाही, तिनं पटवलेली ओळख कशी धरायची?"

भिवा ओरडला, "ही माझी वैनी सगुणा हाय! मी सांगतो!"

"आणि तू कोण?" साहेबांनी विचारलं.

सगुणाच्या तोंडावर तेव्हा जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही. पण जे होतं ते मी पुन्हा कधी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

भिवाचा जबाब "अनोळखी इसम" म्हणून लिहिला गेला. अंगठा मी घेतला.

पुढचं आठवड्याभरात झालं. पाटील पुरता घाबरला होता. त्यानंच गावची चार माणसं आणली, सुईण आणली, सगळ्यांनी सगुणाला ओळखलं. मी जुना कागद रद्द केला, नव्या कागदावर तिचं नाव लिहिलं, खुणा लिहिल्या, अंगठा घेतला. या खेपेला खुणा तिच्या चेहऱ्याकडं नीट वर बघून लिहिल्या.

भिवा कोपऱ्यात उभा होता. काम उरकलं तसे साहेब म्हणाले, "सगुणाबाई, आता तुमचा शब्द कायद्यानं धरला जाईल. मागं तुम्ही या माणसाला दीर म्हणून ओळखलं होतं. तेच आता जबाबात सांगा, म्हणजे याचा प्रश्न मिटेल."

सगुणा उठून त्याच्याजवळ गेली. हनुवटीला धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. त्यानं हात जोडले.

"न्हाई," ती म्हणाली. "माझी चूक झाली मागल्या खेपेला. ह्यो कोनी येगळाच हाय. लिवा भाऊसाहेब."

मी लिहिलं. तिनं अंगठा दिला.

साहेबांना शंका असावी. त्यांनी मला विचारलं, "तांबोळी, त्या भिवाचा जुन्या जबाबावर अंगठा असेल ना? जुळवून पाहा."

मी ते आधीच पाहिलं होतं. भिंग लावून, खिडकीपाशी, तीन वेळा. दोन्ही अंगठे एकच होते — रेषा न् रेषा, वर खुरप्यानं कापल्याचा तिरका वणसुद्धा. मी म्हणालो, "जुन्यावरची शाई पसरलीय साहेब. जुळवता येत नाही."

का बोललो? आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "तोतया बाई" हा शब्द माझ्या अक्षरात होता. तो माझ्या हातून लिहिला गेला याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता, आणि भिवा समोर होता. मला बरं वाटलं हो. खोटं कशाला सांगू?

बाहेर पायऱ्यांवर मी सगुणाला गाठलं. "बाई, तुम्ही तर त्याला ओळखलं होतं."

"तवा माझ्या शब्दाला किंमत नव्हती, भाऊसाहेब. तवा खरं बोलायला काय जातंय?"

"आणि त्याची आई? तिचा एक लेक लढाईत गेला, दुसरा असा..."

ती थांबली. अंगठ्याची शाई पदराला पुसली. "त्या दिवशी ती दाराआड हुती," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

पुढच्या वर्षी पीकपाहणीच्या कामानं मी टाकळवाडीला गेलो होतो. भिवाच्या अंगणात म्हातारी बसली होती आणि पुढ्यात एक गडी जेवत होता. वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून राहिला होता म्हणे, नाव-गाव न सांगता. म्हातारी मला म्हणाली, "गुणाचं हाय लेकरू. माझा भिवा बी अशीच भाकर कुस्करायचा. तुमाला कुठं दिसला का वो माझा भिवा?"

ती आणखी भाकरी आणायला आत गेली तशी मी हळूच हाक मारली, "भिवा."

जेवणारा हात थांबला नाही. मी जवळ जाऊन पुन्हा म्हणालो, "भिवा, मी तांबोळी. मी सांगतो चल, साहेबांना सगळं सांगतो."

त्यानं वर पाहिलं. तेच डोळे, तेच वण. मला चांगलं दिसत होतं.

"कोन भिवा?" तो म्हणाला.

सोंग होतं की खरंच... मला ठरवता आलं नाही. गावानं संगनमत केलं म्हणावं, तर चेहरा हातानं चाचपणारी आई त्यात कशी? भिवा वेडा झाला म्हणावं, तर पाटील आणि चंद्राला काय झालं होतं? आणि साऱ्या तालुक्यात त्याचा चेहरा एका मलाच का ओळखू येत राहिला, आणि सगुणालाही ओळखू येत होता तर शेवटी ती खरं बोलली की खोटं — नोकरीत असताना, रिटायर झाल्यावर, यावर मी खूप डोकं चालवलं. कुठलंच उत्तर पुरत नाही. म्हातारी ताटलीत आणखी एक भाकरी वाढत होती. मी माझी दप्तराची पिशवी उचलली आणि पाहणीला निघून गेलो.