संगणकावरचा शालू

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. साऱ्या नोकरीत आरोपीपेक्षा फिर्यादींनीच जास्त छळलं, असं त्या एकाच गुन्ह्यात झालं.

मी तेव्हा उज्जैनच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते आणि संगणकावर दिसतं ते खरंच असणार, अशी भल्याभल्यांची समजूत होती. एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका लेखी तक्रार घेऊन आल्या. नवरा वारलेला, एकुलत्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी म्हणून चालणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून त्यांनी लग्नाचा शालू मागवला होता. पैसे आधीच बँकेत भरले होते आणि शालूचा पत्ता नव्हता. दुसरा तसा शालू घेण्याची त्यांची ऐपत उरली नव्हती.

दुकान कुठे आहे, विचारलं. माहीत नाही. मालक कोण? माहीत नाही. पावती? तीही नाही. एक मोबाइल नंबर तेवढा होता. देवळाबाहेर एका हारासाठी पाच दुकानं फिरणारी बाई चित्र पाहून पैसे भरून मोकळी झाली होती. मी जरा चढ्या आवाजात बोललो, तर म्हणाल्या, "पण साहेब, फोनवरचा माणूस किती शुद्ध मराठी बोलायचा."

चौकशीत आणखी दोन मराठी घरं तशीच फसलेली निघाली. त्यातले एक गृहस्थ तर तक्रार द्यायलाच तयार नव्हते. आपलाच माणूस आहे, उगाच अडचणीत येईल, असं त्यांचं म्हणणं. बँकेचं खातं इंदूरचं, त्यावरचा पत्ता खोटा. मोबाइलची कागदपत्रंही खोटी. माझा हवालदार रोज सकाळी ऐकवायचा, "साहब, ये इंटरनेट का मामला अपने बस का नहीं है."

आठवड्याभरानं बाई परत आल्या, त्या आनंदात. दुकानातून फोन आला होता. काकू, पोलिसांत कशाला गेलात, पार्सल निघालंय, असं तो म्हणाला होता. बाईंना वाटलं, काम झालं. मला वेगळाच प्रश्न पडला. गुन्हा अजून दाखल व्हायचा होता. बाई ठाण्यात आल्याचं त्याला कोणी सांगितलं?

मी त्यांना समोर बसवलं आणि संगणक चालवता येतो का, विचारलं. येत नव्हता. मग ते दुकान कोणी उघडून दाखवलं? माधव नगरच्या कॅफेवाल्यानं. ही तक्रार कोणी टाइप केली? त्यानंच. मी कपाळाला हात लावला. इतके दिवस हे का सांगितलं नाही, असं विचारल्यावर बाई मलाच समजावू लागल्या. "अहो, तो बहुत सीधा मुलगा आहे. दिसला की वाकून नमस्कार करतो."

बाकीच्या दोन घरांनीही तेच सांगितलं. इंटरनेटवर पाहिलं, असं तिघंही म्हणत होते आणि तिघांनाही ते एकाच माणसानं दाखवलं होतं. मी एका फौजदाराला साध्या वेशात, मुलीचा बाप बनवून कॅफेत पाठवलं. कॅफेवाल्यानं आपणहून तेच दुकान उघडलं. संगणक जप्त केला, त्यात दुकानाची सगळी पानं होती. चौकशीत तो फार टिकला नाही. फोनवर गोड बोलणारा त्याचा इंदूरचा मेव्हणा निघाला, त्यालाही उचलला.

ओळख पटवायला बाईंना बोलावलं. त्या रडतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "शालू होता तरी का रे कुठे?"

कॅफेवाला खाली बघत म्हणाला, "नव्हता, काकू. फोटो दुसरीकडून उचलला होता."

तेव्हा त्या खचल्या. दोन महिने त्यांनी त्या शालूचे काठ, पदर, रंग विहीणबाईंना फोनवर वर्णन करून सांगितले होते. आता काय तोंड दाखवू, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. खात्यात थोडी रक्कम सापडली होती, पण कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती मला देता येत नव्हती. तेही मलाच सांगावं लागलं. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही.

त्यानंतर अशी तक्रार आली की मी आधी विचारत असे, हे दुकान तुम्हाला दाखवलं कोणी? पत्ता नाही, पावती नाही आणि पैसे आधी हवेत, तर भाषा कितीही गोड असो, उठून यावं. हे मी शेकडो लोकांना सांगितलं. ऐकलं किती जणांनी, देव जाणे.

लग्नाला मी गेलो होतो. मुलगी गावातल्या दुकानातून घेतलेली साधी महेश्वरी साडी नेसली होती. विहीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, तो शालू कुठे आहे? बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तो चोरीला गेला होता, आता सापडलाय," मी म्हणालो. "ठाण्यात जमा आहे. केस संपेपर्यंत मिळणार नाही."

पोलीस अधिकारीच सांगतो म्हटल्यावर विहीणबाईंनी पुढे काही विचारलं नाही.