‘लीव्ह’चं पान

परदेशातली आठवण म्हटल्यावर तुम्ही मनाशी काय धरलं असणार ते मला ठाऊक आहे. लंडन, बर्फ, आणि शेजार स्लोव्हाकियातला म्हटलं की सोनेरी केसांची एखादी मुलगी. तर ऐका. गाव कार्डिफ, वेल्समधलं. बर्फ दोन वर्षांत एकदाच पडला, तोही मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना. आणि स्लोव्हाक म्हणाल तर सहा फूट दोन इंच उंचीचा, बेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, हॉस्पिटलात फरशा पुसणारा बाप्या. मी त्याला ‘भाऊ’ म्हणायचो. तो मला ‘प्रोफेसर’ म्हणायचा, कारण मी टाय लावून घराबाहेर पडायचो.

पुण्याच्या कंपनीनं मला इथल्या एका इन्शुरन्सवाल्यांच्या ऑफिसात टेस्टिंगला पाठवलं होतं. टीम सगळी पुण्यात, इकडे मी एकटा. ऑफिसातले लोक चांगले. सकाळी ‘यू ऑलराइट?’ विचारायचे. सुरुवातीला मी थांबून खरंखुरं उत्तर द्यायचो, की जरा सर्दी आहे, झोप नीट लागत नाही. माझं वाक्य पुरं होईपर्यंत विचारणारा जिना चढून वर गेलेला असायचा. शुक्रवारी साडेपाचला ‘हॅव अ गुड वीकेंड’ ऐकलं की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणार कोण, तर सुपरमार्केटातली काउंटरवरची बाई. तीपण काय बोलणार? पिशवी हवी का. मी पिशवी घरून न्यायचो आणि तरी ‘हो’ म्हणायचो. तेवढंच एक वाक्य वाढायचं.

मी नकलाकार माणूस. तालुक्याच्या शाळेत गॅदरिंगला माझ्याशिवाय पान हलत नसे. पण नकलेचं एक आहे, समोरच्याला मूळ माणूस माहीत असावा लागतो. आमचे हेडसर पान खाऊन इंग्रजी कसं शिकवायचे, हे कार्डिफमध्ये कुणाला माहीत असणार? पहिले दोन महिने मी बाथरूमच्या आरशासमोर हेडसर केले. हसायला कोणीच नव्हतं. शेवटी हसणाऱ्या पोरांचीही नक्कल मीच केली. ती मात्र जमली नाही.

मग भाऊ त्याच घरात राहायला आला, शेजारच्या खोलीत. त्याच्याकडे एक जाड वही होती. एका इंग्रजी शब्दाला एक पान. वर शब्द, खाली त्याच्या भाषेतले अर्थ, एकाखाली एक. रविवारी दुपारी तो वही घेऊन किचनमध्ये यायचा, चहा करायचा आणि म्हणायचा, “प्रोफेसर. कम. एक्सप्लेन.”

‘लीव्ह’ या शब्दानं आमचे तीन रविवार खाल्ले. मी दारातून बाहेर गेलो आणि पाठ फिरवून हात हलवला. त्यानं लिहिलं, ‘ओद्यीस्त’, म्हणजे निघून जाणं. मी कप टेबलावर ठेवला आणि तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘न्येखात’, म्हणजे राहू देणं. मी गॉगल लावून खुर्चीत तंगड्या पसरल्या. ‘दोवोलेन्का!’ भाऊ ओरडला. सुट्टी, रजा. एखाद्याला कायमचं सोडून जाणं यासाठी त्यांच्याकडे आणखी वेगळाच शब्द, ‘ओपुस्तित’. तो समजावा म्हणून मी टाकून दिलेल्या बायकोचा रोल केला, पदर वगैरे घेऊन, म्हणजे चहाचं फडकं डोक्यावर घेऊन. भाऊ इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. कार्डिफमध्ये कुणीतरी माझ्यामुळे हसलं होतं. त्या रात्री मी आईला फोनवर सांगितलं की माझं इथं छान चाललंय, आणि पहिल्यांदाच ते खोटं नव्हतं.

माझ्या पासपोर्टावर ‘लीव्ह टू रिमेन’ असं छापलेलं होतं. त्यानं ते तीनदा वाचलं. “तुला राहायला सुट्टी दिली?” मी म्हटलं, परवानगी रे. इथं थांबायची. ‘पोवोलेन्ये’ असं त्यानं सगळ्यात खाली लिहिलं. त्याचा देश युरोपियन युनियनमध्ये सामील झालेला, त्याला असलं काही लागतच नव्हतं. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि बिस्किटांचा पुडाच माझ्यापुढे सरकवला.

सप्टेंबरमध्ये त्याच्या आईला साठ वर्षं पूर्ण होणार होती. त्याला दहा दिवस घरी जायचं होतं. सुपरवायझर बाईनं सांगितलं, लेखी दे. तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

आता, रजेचा अर्ज म्हणजे माझा प्रांत. आठवीत हेडसरांनी तो पाठ करून घेतला होता, चुकलं तर छडी. ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ इथून जे सुटलो ते ‘युवर ओबीडियंट सर्व्हंट’पर्यंत. मधे कारण घालायचं. वाढदिवस हे काय कारण झालं? अर्जात खरं कारण लिहायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. माझे वडील दरवर्षी जुलाबाचा अर्ज टाकून गावच्या जत्रेला जायचे. त्यांचा साहेब तो मंजूर करायचा आणि जत्रेत भेटला की विचारायचा, “पोट कसं आहे?” तर मी लिहिलं, आई सीरियस आहे, हॉस्पिटलात ॲडमिट आहे, ताबडतोब जाणे भाग आहे.

भाऊला अर्ज वाचून दाखवताना पहिली ओळ हेडसरांच्या आवाजात म्हटली, शेवटची कमरेत वाकून. तो टेबल बडवून हसला. मधली ओळ मी गाळली. रंगात आलेला खेळ कोण थांबवतो? शिवाय दहा दिवस घर रिकामं राहणार म्हणून आत कुठेतरी खुट्ट वाजत होतं, तेही त्या हसण्यात झाकलं जात होतं. त्यानं खाली सही केली.

शनिवारी तो तीनला यायचा. अर्ज दिल्यानंतरच्या शनिवारी साडेबारालाच दार वाजलं. मी भात लावत होतो. तो जिना चढून थेट खोलीत गेला. मागोमाग गेलो तर बॅगेत कपडे कोंबत होता, आणि कोंबतोय ते टॉवेल. अंगावर कामाचा निळा झगा तसाच.

“काय झालं, भाऊ?”

“मामा,” तो म्हणाला. मामा म्हणजे त्याची आई. “हॉस्पिटल. बॉस टेल मी. ‘सॉरी अबाउट युवर मदर, लव्ह, गो होम.’ माय सिस्टर फोन टू बॉस.”

कामावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागायचा, म्हणून वेळप्रसंगाला त्यानं बहिणीला सुपरवायझरचा नंबर देऊन ठेवला होता. त्याला वाटलं, निरोप तिकडून आला. रस्त्यातून त्यानं घरी पाच वेळा फोन लावला होता. कुणी उचलला नव्हता. बहीणही नाही.

खाली भात करपल्याचा वास यायला लागला. माझ्या तोंडाला एक आवाज सापडेना. ना हेडसरांचा, ना कुणाचा.

“भाऊ, ते मी लिहिलं,” मी म्हटलं. “अर्जात. आई आजारी आहे म्हणून. खोटं आहे.”

त्याला कळेना. “व्हाय सिक?”

“रजा मिळावी म्हणून.”

“दोवोलेन्का?” तो बॅगेवर बसला. “फॉर दोवोलेन्का? बट बर्थडे इज गुड रीझन! बॉस लाइक बर्थडे!”

मी खरं सांगतोय यावरही त्याचा विश्वास बसेना. का बसावा? फोन तर कुणी उचलत नव्हतं. मग मीच परदेशी फोनच्या स्वस्त कार्डावरून नंबर फिरवून फोन त्याच्या हातात देत राहिलो. वाजून वाजून बंद. पुन्हा. मी मनात म्हणत होतो, बाई, उचला हो. खरंच काही झालं असलं तर ते माझ्या लिहिण्यानं झालं, असं मला वाटायला लागलं होतं. सव्वादोनला पलीकडून आवाज आला. खणखणीत. भाऊच्या आई अंगणात सकाळपासून मोठ्या कढईत प्लमचा मुरंबा ढवळत होत्या, मुलगीही तिथंच, फोन घरात.

भाऊ भिंतीकडे तोंड करून बोलला, मग रडला, मग बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. त्यात ‘प्रोफेसर’ हा शब्द दोनदा आला. मग त्यानं माझ्याकडे न बघता फोन पुढे केला.

“टॉक.”

मी फोन कानाला लावला. बाईंनी श्वास घेतला आणि सुरू झाल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण कुठं दम देतायत, कुठं कीव करतायत, कुठं ‘तुला घरी कुणी काही शिकवलं की नाही’ म्हणतायत, ते सगळं कळत होतं. आठ महिन्यांत मला कुणी रागावलं नव्हतं. मधेच त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबल्या. मी घाबरून मराठीतच म्हणालो, “हो, चुकलं माझं.” मग त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, आता जरा सावकाश, म्हणजे मला नीट कळावं.